मनोपचारकांची तालीम

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहराच्या उत्तरेस, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, घोडबंदर रस्त्यावर. दुसरे डोंबिवलीनजीक, कल्याण-शीळ मार्गावर. एकेकाळी दोन्हीकडे भातखाचरे आणि विखुरलेली वस्ती होती. आज तेथे उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांतील कर्ती माणसे सकाळी रेल्वे स्थानकाच्या दिशेने निघून रात्री उशिरा परततात. घराचे हप्ते, लोकलची गर्दी, मुलांच्या परीक्षा आणि गावाकडे राहिलेले वृद्ध आईवडील यांचा भार वाहताना अनेकांची झोप उडते, काहींच्या छातीत धडधड सुरू होते, तर काहींना कशातच गोडी वाटेनाशी होते. असा मनुष्य प्रथम फॅमिली डॉक्टरकडे जातो. हृदयाचा आलेख निघतो, रक्त तपासले जाते, सर्व काही ठीक असल्याचे त्यास सांगण्यात येते. त्रास मात्र तसाच राहतो.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मध्ये स्थापन झाले. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये ही राज्याच्या मानसिक आरोग्यसेवेची जुनी ठाणी होत. “याला ठाण्याला पाठवा” असे थट्टेने म्हणण्याची एक वाईट सवय मराठी समाजाला जडली होती आणि ती अद्याप पुरती गेलेली नाही. त्या थट्टेचा एक परिणाम असा की मनाचे दुखणे म्हणजे वेड, अशी समजूत घट्ट झाली आणि वर वर्णन केलेला झोप उडालेला गृहस्थ मनोपचारकाच्या दारापर्यंत पोहोचेनासा झाला. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळून आले. निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के इतके होते.

ही दरी भरून काढण्यासाठी औषधांबरोबरच ज्या उपचारपद्धतीकडे गेल्या काही दशकांत सर्वाधिक लक्ष वेधले गेले, ती म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार. व्यवसायात ती ‘सीबीटी’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. ती शिकवावी कोणी, शिकावी कोणी आणि शिकलेल्याची पारख कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शाळेत समुपदेशक नेमणारे मुख्याध्यापक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि आरोग्य खात्यातील अधिकारी या सर्वांशी तो निगडित आहे.

दोन अमेरिकी वैद्यांची वाट

या पद्धतीचा उगम दोन व्यक्तींच्या कार्यात आहे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) आणि फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आरन बेक (१९२१-२०२१) हे दोघेही प्रारंभी मनोविश्लेषणाच्या परंपरेत वाढले आणि दोघेही तिच्याविषयी असमाधानी होऊन बाहेर पडले. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आपली स्वतंत्र पद्धती मांडण्यास प्रारंभ केला. पुढे तिला विवेकनिष्ठ भावना-वर्तन उपचारपद्धती हे रूप आले. बेक यांनी १९६० नंतरच्या वर्षांत खिन्नतेच्या रुग्णांचा अभ्यास करताना असे टिपले की, रुग्णाच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी काही नकारात्मक विचार आपोआप उमटत असतात आणि विचारल्यास तो ते सांगूही शकतो. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने ही पद्धती व खिन्नतेवरील त्या काळचे प्रचलित औषध यांची तुलना प्रसिद्ध केली, आणि १९७९ मध्ये खिन्नतेच्या बोधात्मक उपचाराचा त्यांचा ग्रंथ आला. त्या ग्रंथापासून या उपचाराचे पद्धतशीर प्रशिक्षण शक्य झाले, कारण उपचाराची प्रत्येक बैठक कशी चालावी हे त्यात पायरीपायरीने लिहिलेले होते.

मूळ विचार सोपा आहे. घटना थेट दुःख देत नाही. घटनेचा आपण लावलेला अर्थ दुःख देतो. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याने हे फार पूर्वी सांगितले होते आणि त्याचे ऋण एलिस मान्य करीत. मराठी वाचकाला तर मनाशी संवाद करण्याची कल्पना नवी नाही. रामदासांच्या मनाच्या श्लोकांची परंपरा घरोघरी आहे. परंतु उपदेश आणि उपचार यांत अंतर आहे. उपदेश करणाऱ्यास उत्तर अगोदरच ठाऊक असते. उपचारकाने रुग्णाबरोबर ते शोधावयाचे असते, आणि शोधलेले उत्तर प्रत्यक्ष वागून तपासावयाचे असते.

हे वागून तपासणे एलिस यांनी स्वतःवरच करून पाहिले होते. अपरिचित स्त्रियांशी बोलण्याची त्यांना पराकाष्ठेची भीती वाटे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ब्राँक्स येथील वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांशी संभाषण करण्याचा नेम केला. त्यांपैकी एकीनेच पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि तीही आली नाही. मात्र नकाराने आभाळ कोसळत नाही हे त्यांना कळले व भीती गेली. ही हकीकत ते पुढे आयुष्यभर सांगत असत.

महाराष्ट्रातील प्रवाह

एलिस यांचा विचार महाराष्ट्रात रुजला त्याचे मोठे श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ प्रा. कि. मो. फडके यांना आहे. त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धती आत्मसात केली, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस इन्स्टिट्यूटची मान्यता मिळविली आणि अनेक व्यावसायिकांना तिचे शिक्षण दिले. समुद्रापलीकडील गुरूकडून टपालाने विद्या मिळविणे ही गोष्ट आज अद्भुत वाटेल. त्यात शिष्याची चिकाटी जशी दिसते तशी गुरूचीही. त्यांच्या परंपरेतील डॉ. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहून हा विचार सामान्य वाचकांपर्यंत नेला.

ठाणे शहरात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. ‘सुदृढ मन सर्वांसाठी’ हे तिचे ब्रीद. विवेकनिष्ठ पद्धती हा डॉ. नाडकर्णी यांच्या लेखनाचा व अध्यापनाचा एक मुख्य धागा आहे आणि ‘स्वभाव-विभाव’ या त्यांच्या पुस्तकातून तो मराठीत आला आहे. घोडबंदर रस्त्यावरील किंवा डोंबिवलीकडील कुटुंबाला मनाच्या दुखण्यासाठी मनोरुग्णालयाव्यतिरिक्तही एक दार आहे, ही जाणीव या परिसरात निर्माण होण्यास अशा संस्थांची मदत झाली.

पदवी असूनही शिकावे लागते

येथे एक रास्त प्रश्न उपस्थित होतो. मनोविकारतज्ज्ञ एम्.डी. झालेला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने पदव्युत्तर पदवीनंतर पर्यवेक्षणाखाली दोन वर्षे पूर्णवेळ शिक्षण घेतलेले असते आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. मग त्यांना पुन्हा कसले प्रशिक्षण?

याचे उत्तर असे की, सिद्धांत ठाऊक असणे आणि समोरच्या घाबरलेल्या माणसाशी पंचेचाळीस मिनिटे त्या सिद्धांतानुसार काम करणे या भिन्न गोष्टी आहेत. पोहण्यावरील पुस्तक तोंडपाठ केलेला मनुष्य विहिरीच्या काठावर उभा राहिला, की त्याची जी अवस्था होते तीच नवशिक्या उपचारकाची होते. शिवाय मनोविकारतज्ज्ञाच्या शिक्षणाचा मुख्य भर निदान व औषधयोजना यांवर असतो आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात त्यास प्रत्येक रुग्णासाठी मिळणारा वेळ अल्प असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मानपाड्याहून रोज बसने ठाणे स्थानक गाठून मुंबईस जाणाऱ्या एका कारकुनास एके दिवशी फलाटावर एकाएकी घाम फुटला, श्वास कोंडला, हृदय जोराने धडधडू लागले. आपण आता मरणार असे त्यास वाटले. तपासण्या निर्दोष निघाल्या, तरी त्या दिवसापासून त्याने लोकल टाळली. रजा संपत आली, नोकरी जाण्याची वेळ आली. अशा प्रसंगी घरचे लोक “मन घट्ट कर” असे सांगतात. अर्धवट शिकलेला समुपदेशकही थोड्या गोड शब्दांत तेच सांगतो.

प्रशिक्षित उपचारक निराळ्या मार्गाने जातो. हृदय, थायरॉइड इत्यादींची तपासणी वैद्याकडून झालेली आहे याची तो प्रथम खात्री करून घेतो. नंतर त्या क्षणी मनात नेमके काय आले, हे तो विचारतो. धडधड म्हणजे हृदयविकाराचा झटका, हा अर्थ लावला गेल्यामुळे भीती वाढली, भीतीमुळे श्वास जलद झाला आणि जलद श्वासामुळे धडधड आणखी वाढली, हे चक्र दोघे मिळून कागदावर काढतात. भीतीच्या झटक्यांचे हे स्पष्टीकरण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडले. त्यानंतर उपचारक रुग्णास खोलीतच थोडा वेळ जाणूनबुजून जलद श्वास घ्यावयास लावतो. तीच धडधड, तीच भोवळ येते आणि श्वास संथ होताच ओसरते. पुढील आठवड्यात रुग्णाने दुपारच्या मोकळ्या वेळी फलाटावर दहा मिनिटे उभे राहावयाचे, मग धीम्या लोकलने ठाण्याहून कळव्यापर्यंत म्हणजे एकच स्थानक जावयाचे, मग मुलुंड, मग घाटकोपर. प्रत्येक वेळी “काय होईल असे वाटले” आणि “प्रत्यक्ष काय झाले” हे वहीत लिहावयाचे. हे वाचण्यास सोपे वाटते. परंतु कोणती पायरी केव्हा चढावयाची, रुग्ण मागे फिरला तर काय करावयाचे आणि त्याच्या मनात भीतीखेरीज आत्महत्येचा विचार डोकावत आहे काय हे केव्हा व कसे विचारावयाचे, यांत कौशल्य आहे. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. थेट, शांतपणे विचारणे हा प्रशिक्षणाचा आवश्यक भाग होय.

असे कौशल्य अंगी बाणविण्याचे साधन म्हणजे पर्यवेक्षण. रुग्णाच्या लेखी संमतीने बैठकीचे ध्वनिमुद्रण केले जाते, अनुभवी पर्यवेक्षक ते ऐकतो आणि गुण देतो. याकरिता १९८० मध्ये तयार झालेली व आजही जगभर वापरात असलेली एक गुणपट्टी आहे. तिच्यात ११ मुद्दे असून प्रत्येकास शून्य ते सहा गुण असतात; एकूण ६६ पैकी ४० गुण ही पात्रतेची रूढ मर्यादा मानली जाते. बैठकीच्या आरंभी विषयपत्रिका ठरली काय, गेल्या वेळच्या गृहपाठाची विचारपूस झाली काय, उपचारकाने प्रश्नांच्या द्वारे रुग्णाला शोधाकडे नेले की स्वतःच वाद घालून त्याला गप्प केले, अशा गोष्टी त्यात तपासल्या जातात. आपल्या आवाजातील घाई आणि उपदेशाचा सूर प्रथमच ऐकणे, हा पुष्कळ अनुभवी डॉक्टरांनाही धक्का असतो. आपल्याकडे शिक्षक, वैद्य व वडीलधारी माणसे यांना सल्ला देण्याची सवय इतकी मुरलेली आहे की ती सोडणे हाच प्रशिक्षणाचा सर्वांत कठीण धडा ठरतो.

मराठीतून उपचार

या विद्येची पुस्तके बहुतांशी इंग्रजीत आहेत आणि रुग्ण मराठीत रडतो. प्रशिक्षणात या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे स्पष्टपणे म्हणावयास हवे. उपचाराचा पहिला धडा म्हणजे विचार व भावना वेगळ्या ओळखणे. परंतु मराठीत “मला वाटते” हा एकच प्रयोग दोहोंसाठी चालतो. “मला भीती वाटली” ही भावना आहे. “मला वाटले, साहेब सर्वांसमोर अपमान करतील” हा विचार आहे. इंग्रजी तक्त्याचे शब्दशः भाषांतर करून रुग्णाच्या हाती दिले, तर तो दोन्ही रकान्यांत एकच वाक्य लिहून आणतो आणि उपचारकास वाटते की रुग्णाची समज कमी आहे. “त्या वेळी मनात कोणते वाक्य आले?” आणि “त्या वेळी जिवाला काय झाले?” असे दोन निराळे प्रश्न केल्यास ग्रामीण भागातील निरक्षर स्त्रीसुद्धा अचूक उत्तर देऊ शकते.

उलट एका बाबतीत मराठी ही उपचारकाची मोठी सोय करते. एलिस यांच्या मते अनेक भावनिक त्रासांच्या मुळाशी हट्टी मागणी असते. ही मागणी मराठीत ‘च’ या एका अक्षरात प्रकट होते. “मुलाला चांगले गुण मिळावेत” ही इच्छा. “मिळालेच पाहिजेत” हा हट्ट. “लोकांनी नावे ठेवू नयेत” ही इच्छा. “ठेवताच कामा नयेत” हा हट्ट. रुग्णाला त्याच्या बोलण्यातील ‘च’ मोजावयास सांगणे हा गृहपाठ इंग्रजी ग्रंथात सापडणार नाही, पण तो चटकन समजतो. “लोक काय म्हणतील” या आपल्याकडील सार्वत्रिक भीतीला मात्र जपून हाताळावे लागते. शहरातील तरुणास लोकांची पर्वा न करण्याचा प्रयोग सुचविता येतो. सासरी राहणाऱ्या सुनेला किंवा गावकीशी बांधलेल्या शेतकऱ्याला तोच प्रयोग सुचविल्यास परिणाम त्यांना भोगावे लागतात, उपचारकाला नव्हे.

हाच विवेक दारिद्र्य व अन्याय यांच्या बाबतीतही लागू आहे. ज्याचे पीक गेले आहे त्याच्या चिंतेत विचारांचा दोष शोधीत बसणे योग्य नव्हे. त्याला कर्जाची व मदतीची माहिती, कागदपत्रे व सोबत लागते. घरात मारहाण होत असलेल्या स्त्रीस प्रथम संरक्षण लागते. तीव्र मनोविकारांत औषधोपचार हाच मुख्य आधार असतो आणि संभाषणोपचार त्याला पूरक ठरतो.

गोवा, अमरावती आणि ब्रिटन

पात्र उपचारक मोजके आणि गरजवंत असंख्य, यावर गोव्यात एक महत्त्वाचा प्रयोग झाला. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापिलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या व्यक्तींना निवडून सुमारे तीन आठवड्यांची कार्यशाळा व त्यानंतर प्रत्यक्ष कामाची उमेदवारी दिली. या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील मध्यम ते तीव्र खिन्नतेच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत वर्तन-सक्रियतेचा, म्हणजे टाळलेली कामे व सुटलेले आनंद टप्प्याटप्प्याने पुन्हा हाती घेण्याचा उपचार दिला. सुमारे ५०० रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के व इतरांपैकी ३९ टक्के रुग्ण खिन्नतेतून बाहेर आले होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत याच धर्तीवर राबविलेल्या कार्यक्रमानंतर खिन्नतेसाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे.

या आकड्यांवरून काहींनी असा निष्कर्ष काढला की आता पदवीची गरज उरली नाही. तो चुकीचा आहे. गोव्यातील समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणे गटात ऐकून गुण देत आणि त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ उभे होते. कठीण रुग्ण कोणाकडे पाठवावयाचा हे ठरलेले होते. म्हणजे पात्र व्यावसायिकाचे काम नाहीसे झाले नाही. त्याला उपचारकाबरोबरच शिक्षक व पर्यवेक्षकही व्हावे लागले. एका प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली तालुक्यातील दहा कार्यकर्ते काम करू शकतात, पण त्या एकाचे स्वतःचे प्रशिक्षण कच्चे असेल तर चूकही दहापट होते.

ब्रिटनने २००८ पासून याच हेतूने मोठा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. तेथे उपचारक वर्षभर आठवड्यातील काही दिवस विद्यापीठात शिकतो व उरलेले दिवस दवाखान्यात काम करतो. प्रत्येक बैठकीस रुग्णाच्या लक्षणांची प्रश्नावली भरून घेतली जाते, त्यामुळे उपचाराचा उपयोग होतो की नाही हे अंदाजावर राहत नाही.

प्रमाणपत्र पाहताना

आपल्याकडे अलीकडे दोन दिवसांच्या शिबिरानंतर किंवा घरबसल्या ध्वनिचित्रफिती पाहून ‘सीबीटी तज्ज्ञ’ असे प्रमाणपत्र देणारे पुष्कळ निघाले आहेत. शिबिर वाईट नसते. पात्र व्यावसायिकाला ते विषयाची ओळख करून देते. परंतु त्या कागदाच्या बळावर कोणी खिन्नतेच्या रुग्णाची औषधे बंद करू लागला, तर त्यात जिवाला धोका आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका व मनोसामाजिक कार्यकर्ता यांच्या व्याख्या ठरवून दिल्या आहेत. ‘समुपदेशक’ हा शब्द त्या यादीत नाही, त्यामुळे ती पाटी कोणीही लावतो. शाळेसाठी अथवा संस्थेसाठी नेमणूक करताना मूळ पदवी कोणती, नोंदणी कोठे, किती रुग्णांवर पर्यवेक्षणाखाली काम केले आणि आजही पर्यवेक्षक कोण आहे, हे विचारण्यात संकोच नसावा. खरा शिकलेला मनुष्य शेवटच्या प्रश्नाने दुखावत नाही, उलट त्याचे उत्तर त्याच्याजवळ तयार असते. त्याच कायद्याने शासकीय खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. गावातील कार्यकर्त्यांना जिल्हा रुग्णालयातील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे रुग्ण पाठविता येतो, आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.

शासकीय रुग्णालयांपुढील अडचण पैशापेक्षा वेळेची आहे. पर्यवेक्षणाचा एक तास म्हणजे बाह्यरुग्ण विभागातील काही रुग्ण कमी तपासले जाणे, आणि वरिष्ठांच्या दृष्टीने तो रिकामा तास ठरण्याचा संभव असतो. तेव्हा प्रशिक्षणास अधिकारी पाठविताना तो परत आल्यावर दर आठवड्यास त्याचा हा तास कामाच्या तक्त्यात लिहिलेला असावा, तसेच शांत बंद खोली आणि ध्वनिमुद्रणाची संमतिपत्रे मराठीत छापून ठेवलेली असावीत. ठाणे-मुंबईतील अनुभवी पर्यवेक्षकांना दूरस्थ पद्धतीने पालघर, गडचिरोली वा नंदुरबारच्या डॉक्टरांची बैठक ऐकता येते. त्यासाठी एक चांगला दूरध्वनी संच आणि ठरलेली वेळ एवढेच लागते.